सात मजले, एकच थर्माकोल : शालेय प्रकल्पांविषयी थोडं कडू

यंदाच्या हिवाळ्यात इंदूरच्या एका शाळेनं सामाजिक शास्त्राच्या प्रकल्पांचं प्रदर्शन भरवलं होतं. सहावी ते आठवीची मुलं. परीक्षक म्हणून आपल्या मंडळातून कुणीतरी यावं असा निरोप आला, आणि रविवारची सकाळ मोकळी होती म्हणून मी गेले. सभागृहात शिरल्या शिरल्या राजवाडा दिसला. मग दुसरा राजवाडा. मग लालबाग, मग पुन्हा राजवाडा. दुपारपर्यंत मी नऊ राजवाडे पाहिले, तीन सांचीचे स्तूप, दोन संसद भवनं (एक जुनं, एक नवं) आणि एक ज्वालामुखी. तो बहुधा विज्ञानाच्या खोलीतून वाट चुकून आला असावा, पण त्यातून फेस येत होता, त्यामुळे सगळ्यात जास्त गर्दी त्याच्याचभोवती होती.

एका राजवाड्यापाशी मी जरा थांबले. सातवीतली मुलगी. थर्माकोल सुबक कापलेलं, खिडक्यांना सोनेरी कड, आत मिणमिणते दिवे, समोर हिरव्या भुशाची बाग आणि बागेत अहिल्याबाईंचा बोटभर पुतळा. तिनं एका दमात सांगितलं, होळकरांचा वाडा, सात मजली, मराठा, मुघल आणि फ्रेंच शैलींचा संगम. मी विचारलं, "वरचे मजले कशाचे आहेत गं?" ती मुळीच गोंधळली नाही. "थर्माकोलचे," म्हणाली. "आणि खालचे?"

"ते पण थर्माकोलचेच, मॅडम."

उत्तर अगदी बरोबर होतं. चूक माझ्या प्रश्नाचीही नव्हती. चूक त्या दोहोंच्या मधे कुठेतरी होती, आणि ती शोधायची म्हणून हा लेख.

खऱ्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे चार लाकडी. हा किरकोळ तपशील नाही, त्या वास्तूचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर टांगलेला आहे. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेनं इंदूर लुटलं तेव्हा राजवाडा जळला. १९८४ च्या दंगलीत पुन्हा जळला. ती आग पाहिलेले लोक आपल्या मंडळात आहेत, आणि त्यातल्या एकांना आजही त्या दिवसाबद्दल बोलायला आवडत नाही. जळतं ते लाकूड, उरतो तो दगड. आज आपण राजवाड्यासमोर उभं राहून जे बघतो त्यात किती जुनं, किती पुन्हा उभारलेलं, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. त्या मुलीनं खालचे तीन मजले मातीचे आणि वरचे चार आइस्क्रीमच्या काड्यांचे केले असते, तर वेळ तेवढाच लागला असता, खर्च उलट कमी झाला असता. आणि मग तिला आपोआप विचारावंसं वाटलं असतं की वर लाकूड का घातलं असेल. ओझं कमी व्हावं म्हणून? लाकूड सहज मिळत होतं म्हणून? की थोडे मजले आधी आणि थोडे नंतर झाले? थर्माकोल हा पदार्थ असा आहे की तो कुठलाच प्रश्न विचारू देत नाही. त्याचा राजवाडाही होतो, स्तूपही होतो, हिमालयही होतो.

माझा राग हस्तकलेवर नाही, हे आधी सांगते. मुलांनी कापावं, चिकटवावं, बोटं फेविकॉलनं माखून घ्यावीत. राग आहे तो हात एकीकडे आणि विषय दुसरीकडे, याच्यावर. 'करून शिकणे' म्हणतात त्यात करणं भरपूर असतं, शिकणं मात्र पाठ केलेल्या दहा ओळींत उरकतं, आणि त्या दोहोंची एकमेकांशी ओळखसुद्धा नसते.

शिवाय हात कुणाचे, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडे खजुरी बाजारात एखाद्या दुकानात उभं राहून बघा. पोराला बोलूही देत नाहीत. "कौनसी क्लास? कौनसा टॉपिक?" एवढं विचारतात आणि गुंडाळलेले तक्ते, कापलेले थर्माकोल, छापील चित्रांचे कागद पुढ्यात येतात. घरी आई आणि आजी रात्र जागवतात. मला हसू येतं ते अशासाठी की मीही हेच केलंय. माझ्या मुलाच्या वेळी रात्री साडेअकराला मी प्लास्टर ऑफ पॅरिसचा सांचीचा स्तूप केला होता. घुमट कढईच्या साच्यातून उतरवला, तोरणं काडेपेटीच्या काड्यांची. मुलगा केव्हाच झोपला होता. त्याला दहापैकी नऊ मिळाले. आज तो पस्तिशीचा आहे, आणि इथून काही तासांवर असलेल्या सांचीला अजून गेलेला नाही.

याच्या शेजारी आपला दिवाळीतला किल्ला ठेवून बघा. इंदूरच्या मराठी घरांत अजूनही कुठे कुठे तो होतो. रामबागेत, लोकमान्य नगरात, राजेंद्र नगरात यंदाही मी पाहिले. त्याला गुण नसतात, परीक्षक नसतात, फार तर गल्लीतले काका येऊन "बुरूज वाकडा झालाय रे" म्हणून जातात. पण पोरं चार दिवस मातीत असतात. वरून पाणी ओतलं की तट कुठे खचतो ते त्यांना दिसतं. टाकं पायथ्याशी काढलं तर वरच्या मावळ्यांनी प्यायचं काय, असा वाद होतो. अळीव पेरायचं तर उतार किती ठेवायचा हे हाताला कळतं. किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा बाजारातला असतो, पण खालची माती खरी असते आणि ती उलटून बोलते. समाजशास्त्राचा प्रकल्प म्हणून कुणी तो शाळेत नेत नाही. नेला तर बहुधा 'फिनिशिंग' कमी म्हणून गुण जातील.

आता त्या दिवशीच्या गुणपत्रिकेकडे येते. चार रकाने होते : माहिती, सजावट, सादरीकरण, आत्मविश्वास. 'हे तुला कसं कळलं?' असा रकाना नव्हता. तो असता तर निम्मं सभागृह गप्प बसलं असतं. इतिहासाच्या अभ्यासात तर पहिला आणि शेवटचा प्रश्न तोच. आपण मंडळात एकमेकांना तोच विचारून हैराण करतो. कुणी म्हणालं की अमक्या वाड्यात तमके राहायचे, की लगेच दुसरा विचारतो, कागद आहे का? कुणी सांगितलं? त्यांना कुणी सांगितलं? आणि मुलांना मात्र आपण हाच एक प्रश्न विचारत नाही.

सभागृहाच्या दाराजवळ, जिथे चपला काढल्या होत्या तिथे, एक टेबल होतं. सहावीतला मुलगा. एकच तक्ता, तोही पेन्सिलीचा, रेघा वाकड्या. वर लिहिलेलं, 'हमारी गली का पानी'. तीन रकाने : दादी, पापा, मैं. दादीच्या खाली बावडी आणि हातपंप. पापांच्या खाली नर्मदेचा नळ, एक दिवसाआड. 'मैं'च्या खाली टाकी, बोअरिंग आणि आरओ. त्याच्याखाली गल्लीचा नकाशा, त्यात एक गोल आणि गोलात लिहिलेलं, 'यहाँ बावड़ी है, ऊपर से बंद'. बाजूला 'गहराई' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

मी विचारलं, "तुम्हें कैसे पता चला?"

"दादी ने दिखाया. हम उसी पे क्रिकेट खेलते हैं. स्टंप वहीं लगाते हैं, सीमेंट है ना, उछाल अच्छा आता है."

मला एकदम पाय लटपटल्यासारखं झालं. का, ते इंदूरच्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ३० मार्च २०२३, रामनवमी. पटेल नगर भागातल्या एका मंदिरात पूजा चालू होती आणि लोक ज्या फरशीवर बसले होते ती खचली. खाली जुनी बावडी होती. वर स्लॅब टाकून ती झाकलेली होती. ३६ माणसं गेली. आपण ज्यावर बसलोय त्याच्या खाली पोकळी आहे, हे किती जणांच्या ध्यानी होतं? त्या पूजेला आलेल्यांत म्हातारी माणसं होती, लहान मुलंही होती.

त्या मुलाचा तक्ता मला त्या सभागृहातला एकमेव इतिहासाचा प्रकल्प वाटला. त्यात साक्षीदार होता, ठिकाण होतं, तीन पिढ्यांची तुलना होती, आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिहिलेलं होतं. त्या प्रश्नचिन्हाला मी दहापैकी दहा दिले असते. पण सजावटीत त्याला दोन मिळाले, सादरीकरणात चार, कारण तो खाली बघून बोलत होता. पहिलं बक्षीस दिव्यांच्या राजवाड्याला गेलं. निकालाच्या कागदावर तिघांच्या सह्या आहेत, त्यात एक माझी. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले खरी, पण चहा आला होता आणि बाकीच्या दोघांना जायची घाई होती. हे मी इथे लिहिते आहे कारण शाळांवर टीका करताना आपण स्वतः कुठे उभे होतो हेही सांगावं लागतं.

त्या तक्त्याच्या मागे केवढा इतिहास आहे ते बघा. इंदूर खान आणि सरस्वती या दोन नद्यांवर वसलं, पण शहराची तहान भागवली ती विहिरींनी, बावड्यांनी आणि तलावांनी. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला. पुढे १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर झाला. तोही पुरेना. १९७० मध्ये इंदूरची माणसं नर्मदेचं पाणी आणा म्हणून रस्त्यावर उतरली, आणि १९७८ मध्ये जवळजवळ सत्तर किलोमीटरवरून, घाट चढवून, ते पाणी शहरात आलं. आपल्यातल्या अनेकांनी पहिला नळ बघितला आहे, त्या दिवशी नळाला हळदकुंकू लावलेलं आठवणारीही माणसं आहेत. पण नळ आला आणि बावडी अडगळ झाली. आधी त्यात निर्माल्य गेलं, मग कचरा, मग वर स्लॅब आला आणि त्यावर ओटा, मंदिर, पार्किंग. म्हणजे बावडी विसरली गेली ती एका पिढीच्या अंतरात. आजीला माहीत आहे, नातवाला नाही, आणि मधल्या बापाला वेळ नाही. सहावी ते आठवीच्या मुलाला ही साखळी जोडता येते. तो एवढा मोठा असतो की नकाशा काढू शकतो, आणि एवढा लहान असतो की आजीजवळ बसायला लाजत नाही. दहावीत गेला की ते संपलं.

हे काही मी नवं सांगत नाही. याच शहरात हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. पॅट्रिक गेडीस हे नाव आपल्या मंडळात नवं नाही. मूळचे जीवशास्त्रज्ञ, स्कॉटलंडचे, १९१४ मध्ये हिंदुस्थानात आले, आणि एका शहरानंतर दुसरं शहर पायी फिरत त्यांनी अहवाल लिहिले. बडोद्यावर १९१६ मध्ये, आणि होळकर दरबारासाठी इंदूरवर १९१८ मध्ये, दोन खंडांत. त्यांचा आग्रह एकच होता, आधी पाहणी, मग आराखडा. गल्लीत शिरा, घर कुठलं बरं आहे आणि कुठलं कोसळायला आलंय ते बघा, आणि सगळं पाडायच्या आधी काय राखता येईल ते ठरवा. डासांच्या भीतीनं विहिरी नि तळी बुजवायला निघालेल्या अधिकाऱ्यांशी त्यांचं जमत नसे. पाणी बुजवू नका, स्वच्छ ठेवा, त्यात मासे सोडा, असं त्यांचं म्हणणं. हे वाचताना मला पटेल नगर आठवल्याशिवाय राहत नाही.

पण मला इथे त्यांच्या अहवालापेक्षा १९१७ ची दिवाळी सांगायची आहे. शहरात प्लेगची धास्ती होती. तुकोजीराव होळकरांनी गेडीसना एका दिवसापुरते जणू महाराजच केलं, आणि या गृहस्थांनी काय केलं, तर मिरवणूक काढायचं ठरवलं. नेहमीच्या रस्त्यानं मात्र नाही. जी गल्ली जास्त स्वच्छ, जिथली घरं दुरुस्त, तिथून मिरवणूक जाणार असं जाहीर झालं. पुढचे दिवस इंदूरकर घासत, सारवत, गाड्या भरभरून कचरा बाहेर काढत होते. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, आणि सफाई कामगार स्वच्छ कपडे घालून, गळ्यात हार घालून चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. घरोघरी तुळशीची रोपं वाटली.

त्या मिरवणुकीतला राक्षसही कागदाचा आणि बांबूचाच होता. म्हणजे देखावा तिथेही होता. पण देखाव्याआधी काम होतं, आणि कामाचा निकाल गल्लीला भोगायचा होता. आमच्या गल्लीतून मिरवणूक गेली की नाही, हे उत्तर पाठ करून देता येत नव्हतं. गेडीसांवरही टीका करता येईल. एका दिवसाचा उत्सव सरला की दुसऱ्या दिवशी गटार पुन्हा तेच. शिवाय हार घातलेल्या सफाई कामगाराची वस्ती त्या मिरवणुकीनं बदलली का, हे विचारायला हवं. तरीही शंभर वर्षांनंतर, २०१७ पासून ओळीनं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या आपल्या शहरातल्या शाळेत मला 'स्वच्छ इंदौर' नावाचे चार थर्माकोलचे प्रकल्प दिसले, आणि प्रदर्शन संपल्यावर ते सगळे मागच्या अंगणात ढीग करून टाकले होते. ओला कचरा की सुका, एवढा तरी प्रश्न कुणी मुलांना विचारायला हवा होता.

आपल्या शेजारचं दुसरं उदाहरण एकलव्यचं आहे. होशंगाबादेत, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला, १९७२ पासून विज्ञान करून शिकवण्याचा कार्यक्रम चालला होता. पुढे एकलव्यनं सहावी ते आठवीची सामाजिक अध्ययनाची पुस्तकं केली आणि काही सरकारी शाळांत शिकवून पाहिली. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण प्रश्न असे की पुस्तकात उत्तर सापडत नाही, पुस्तक आणि आपलं गाव शेजारी ठेवून ते काढावं लागतं. २००२ मध्ये सरकारनं हे सगळं गुंडाळलं. त्याची कारणं हा वेगळा विषय. मला एवढंच म्हणायचंय की हे परदेशातून आणायची गरज नाही. आणि आताच्या धोरणालाही दोष देता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकायला. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या पुस्तकात इतिहासाची साधनं काय असतात यावर धडा आहे. दार उघडंच आहे. मी पाहिलेल्या शाळांत मात्र त्या दहा दिवसांपैकी निम्मे प्रदर्शनासाठी थर्माकोल कापण्यात गेले.

अहिल्याबाईंच्या बाबतीत तर हे फारच जाणवलं. २०२५ हे त्यांच्या जन्माचं त्रिशताब्दी वर्ष. प्रत्येक शाळेत पोस्टर, प्रत्येक पोस्टरवर 'त्यांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या' हे वाक्य. विहिरी बांधणाऱ्या बाईंचं चित्र काढलेल्या मुलांपैकी किती जण त्या वर्षी एखाद्या विहिरीच्या काठावर उभे राहिले? मी हा प्रश्न एका बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "अहो, विहिरीपाशी नेलं आणि काही झालं तर?" त्यांचं बरोबर आहे. धोका खरा आहे, आणि तो मोडीत काढून चालणार नाही. मूल एकटं बावडीपाशी जाणार नाही, वाकून बघणार नाही, झाकण उचलणार नाही, मोजमाप मोठ्यांनीच करायचं. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारायच्या, टोकाला खडा बांधायचा, मोठ्यानं दोरी सोडायची आणि मुलांनी लांबून गाठी मोजायच्या. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. यात मुलाचा हात दोरीला लागतो, पाय काठावर पडत नाही.

आता आपल्या मंडळाची पाळी. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत आपणही असाच एक प्रयोग केला होता. आठ-दहा मुलं घेऊन जुन्या वस्तीतल्या विहिरींची यादी. त्याची वाहवा झाली, फोटो आले. पण आज मागे वळून बघताना त्यात आपल्याही चुका दिसतात. आपण मुलांच्या हातात छापील अर्ज दिला होता, चौदा रकान्यांचा. मुलं रकाने भरत राहिली आणि समोरची आजी जे सांगत होती ते कानामागे जात राहिलं. दुसरं, आपण फक्त मराठी घरांत गेलो. ओळखीची घरं, चहा-पोह्याची सोय, म्हणून असेल. पण बावडी काही मराठी नसते. त्या प्रदर्शनातला पेन्सिलीचा तक्ता ज्या घरातून आला ते घर मराठी नाही, आणि त्या गल्लीत आपण कधी गेलोही नसतो. आपल्याला मुलांनी इतिहास शोधायला हवा होता, की आपल्या आठवणी गोळा करायला हव्या होत्या? मला वाटतं दुसरं.

त्याच फेरीत एक गोष्ट घडली होती. ती अहवालात आली नाही, म्हणून इथे नोंदवते. एका वाड्यात आजी फार मोकळेपणानं बोलत होत्या. बावडीवर सकाळी किती गर्दी व्हायची, रहाटाचा आवाज कसा यायचा, कार्तिकात काठावर दिवे कसे लावायचे. आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "आजी, इथून सगळे पाणी भरायचे?"

"हो, सगळे."

मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "म्हणजे आपले सगळे."

मुलगी बघतच राहिली. मग आजींनीच सांगितलं, हळूहळू, की काही बायका बाहेर घागर ठेवून उभ्या राहायच्या, आणि कुणाला वेळ झाला की वरून ओतायचे. "मी ओतलंय," म्हणाल्या. "नाही ओतलं असंही झालंय. उशीर व्हायचा ना."

आपल्या चौदा रकान्यांत याला जागा नव्हती. मुलीनं ते अर्जाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. नंतरच्या बैठकीत यावर दोन मतं पडली. काहींचं म्हणणं, त्या आजी थकल्यात, त्यांच्या घराचं नाव कशाला, मुलांच्या उपक्रमात हे कशाला. घराचं नाव नको हे मलाही मान्य. पण 'मुलांच्या उपक्रमात कशाला' हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. महू इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला तिथे झाला, इंदूरच्या शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं स्मारकासमोर फोटो काढतात आणि परत येऊन दहा ओळी लिहितात. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७, हे त्यांना पाठ असतं. पण पाण्याचा तो प्रश्न महाडलाच होता, आपल्या गल्लीत नव्हता, अशी समजूत घेऊन ती मुलं मोठी होतात. ही समजूत त्या मुलीच्या एका साध्या प्रश्नानं एका सकाळी मोडली. आपण मोठ्यांनी तो प्रश्न विचारला नव्हता, कारण उत्तर आपल्याला अंदाजानं माहीत होतं. तो मागच्या बाजूला लिहिलेला मजकूर आता आपल्या दप्तरात आहे, नावाशिवाय. तो संकेतस्थळावरच्या अहवालाला जोडावा असं माझं मत आहे, आणि पुढच्या बैठकीत ते पुन्हा मांडणार आहे.

म्हणूनच मला वाटतं की कुठला प्रकल्प चांगला, हे ठरवायला सजावट काय किंवा आत्मविश्वास काय, दोन्ही कामाचे नाहीत. टेबलामागच्या मुलाला आणि टेबलासमोरच्या परीक्षकाला, दोघांनाही आधी उत्तर माहीत नव्हतं असं त्यात काही आहे का? आणि ते कळल्यावर कुणाला तरी अडचण झाली का? गुणपत्रिकेत एक रकाना बदला, 'सजावट' काढून 'हे तुला कसं कळलं?' घाला, असं मी त्या शाळेला पत्रानं कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. पहिलं बक्षीस मिळालेल्या मुलीवर माझा काही राग नाही. उलट ती हुशार आहे, आणि तिला कुणी खरा राजवाडा आतून, जिन्यासकट, तुळयांसकट दाखवला तर ती त्यातून काय काढेल हे बघायला मला आवडेल.

पेन्सिलीच्या तक्त्यावाल्या मुलाच्या गल्लीत मी मागच्या आठवड्यात जाऊन आले. दादींनी चहा दिला. बावडी किती खोल, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दो रस्सी. गर्मी में ढाई." म्हणजे घरातल्या दोन दोऱ्या जोडून घागर पाण्याला टेकायची, आणि उन्हाळ्यात त्यातही अर्धी आणखी लागायची. दोरी किती लांब, हे आता कुणाला आठवत नाही. स्लॅबवर कडेला लोखंडी झाकण आहे, गंजून बसलेलं. ते उघडून आत बघावं आणि स्लॅब तपासावा म्हणून गल्लीतल्या चौघांच्या सह्यांचा अर्ज नगरसेवकांकडे दिला आहे. मुलाच्या तक्त्याची प्रत त्याला जोडली आहे. खोलीपुढचं प्रश्नचिन्ह तसंच आहे.

स्टंप मात्र पोरांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेले आहेत. तिथे उछाल चांगला येत नाही, अशी त्यांची तक्रार आहे.